गुंडप्पाच्या कार्डातली चन्नम्मा

माकणी गावात एखाद्या लिंगायताच्या घरातून रडारड ऐकू आली की दोन निरोप जायचे. एक मठातल्या स्वामींना आणि दुसरा गुंडप्पाला. स्वामींनी येऊन भस्म लावायचं आणि गुंडप्पानं येऊन फोटो काढायचा. कधीकधी स्वामींना उशीर व्हायचा, गुंडप्पाला कधी झाला नाही.

लिंगायतांमध्ये गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, नवं लुगडं किंवा धोतर नेसवून, भिंतीला टेकवून पाटावर बसवतात. मान कलू नये म्हणून हनुवटीखालून कापड बांधतात, गळ्यात हार घालतात, तळहातावर इष्टलिंग ठेवतात. मग दोन्ही बाजूंना सगळं घर दाटीवाटीनं बसतं. तो शेवटचा फोटो. एखाद्याचा लग्नातला फोटो नसला तरी कुणी विचारत नाही, पण हा नसला तर भावकी वर्षभर बोलून दाखवते. गुंडप्पा त्या फोटोतला वाकबगार. कॅमेरा उगाच नाचवायचा नाही, 'जरा हसा' असं सवयीनं तोंडातून जाऊ द्यायचं नाही, कुणाच्या हुंदक्यात बटण दाबायचं नाही. हुंदके ओसरून माणसं क्षणभर नुसती बघत बसतात, तो क्षण त्याला बरोबर सापडायचा.

एकेकाळी त्याचा स्टॅंडजवळ स्टुडिओ होता. मागं काश्मीरचा पडदा, पुढं प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी, आणि ज्याला त्याला घालायला एकच कोट. सगळ्या पंचक्रोशीतल्या उपवर पोरींनी त्या कुंडीवर हात ठेवून फोटो काढून घेतले आणि त्या नांदायला गेल्या. मग मोबाईल आले. आधी पासपोर्ट फोटो गेले, मग बारशी गेली, मग लग्नंसुद्धा ड्रोन उडवणाऱ्या पोरांनी नेली. जित्या माणसांनी गुंडप्पाला सोडून दिलं. मेलेल्यांनी तेवढं धरून ठेवलं, कारण मयताच्या घरात मोबाईल उंचावून उभं राहायला म्हाताऱ्यांना अजून लाज वाटत होती. स्टुडिओ बंद करून त्यानं पडदा घरी आणला आणि कडब्यावर झाकायला घेतला. कॅमेरा मात्र खुंटीवरच्या पिशवीत तयार असे. जुना डिजिटल कॅमेरा, कोपरे घासून पांढरे पडलेले, पण लेन्स काचेसारखी लख्ख.

लोकांनाही आता फ्रेमची घाई नसे, स्टेटसची घाई असे. मयत उचलायच्या आत फोटो फोनवर पाहिजे, म्हणजे पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना 'भावपूर्ण श्रद्धांजली' धाडता येते. म्हणून गुंडप्पा लोहाऱ्याला फारुखकडं गेला. फारुखचं मोबाईलचं दुकान. माणूस चाळिशीचा, डोळ्यावर भिंग चढवून दिवसभर फोनची आतडी उसवत बसलेला. त्यानं गुंडप्पाला नखाएवढं कार्ड कॅमेऱ्यातून कसं काढायचं, रीडरमध्ये कसं घालायचं, रीडर फोनच्या बुडाला कसा लावायचा, हे सगळं शिकवलं.

"आन् काका, एक याद ठेवा," फारुख म्हणाला. "फोन कधी इचारंल, फॉरमॅट करू का? त्यो शब्द दिसला की हात मागं. चुलीतल्या निखाऱ्याला हात लावावा पण त्याला लावू नये."

"समदं जातंय का?"

"समदं."

गुंडप्पानं ते इतकं मनावर घेतलं की फोननं काहीही विचारलं की तो आधी हात मागं घ्यायचा आणि मग वाचायचा. पण शिकला. मयताच्या ओसरीवर बसून, चष्मा नाकावर ओढून, कार्डातले फोटो पाहुण्यांच्या फोनवर उतरवून द्यायला लागला. बायामाणसं रडता रडता वाकून बघायची, "आलाय का, आलाय का" म्हणायची.

त्याची एक जुनी सवय होती. कॅमेऱ्याचा फ्लॅश लहरी, कधी पेटायचा कधी नाही. मयताच्या दारात जाऊन "जरा थांबा, चालंना झालंय" म्हणणं म्हणजे तोंडाला काळं फासून घेणं. म्हणून घरातून निघण्याआधी तो एक फोटो काढून बघायचा. आणि घरात होती कोण? चन्नम्मा.

चन्नम्मा आळंदकडची, म्हणजे पलीकडं कर्नाटकातली. लग्न होऊन आली तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. पुढं मराठी इतकी पक्की झाली की भांडण मराठीतच करायची, फक्त कंटाळा आला की कानडीत "साकु" म्हणायची, म्हणजे पुरे झालं. लेक श्रीदेवी झाली, त्या बाळंतपणानंतर तिला कोड आलं. ओठाच्या एका कोपऱ्याला पांढरा डाग, एका डोळ्याखाली एक, आणि बोटांवर. फार नव्हतं, पण तिच्या मनानं फार होतं. तेव्हापासून ती पदराचा काठ दातात धरून बोलायची आणि कॅमेरा दिसला की न्हाणीत जाऊन बसायची. गावभराचे फोटो काढणाऱ्याच्या बायकोचा फोटो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

डिजिटल कॅमेरा आला आणि पुसायची सोय झाली, तेव्हा तिनं एक अट घालून कबूल केलं.

"काढा, बघा, आन् माझ्यासमोर पुसा."

तसा रिवाज पडला. निरोप आला की गुंडप्पा टोपी घालायचा, पिशवीतून कॅमेरा काढायचा आणि हाक मारायचा. चन्नम्मा असेल तशी दारात यायची, कधी हाताला पीठ, कधी केस मोकळे. फ्लॅश पेटायचा. "साकु, पुसा आता," ती म्हणायची आणि आत वळायची. गुंडप्पाचा अंगठा पुसायचं बटण दाबायचा, विचारलं की परत दाबायचा, आणि तो बाहेर पडायचा. वर्षानुवर्षं. कुणाच्याही घरी मयत झालं की आधी चन्नम्माचा फोटो निघायचा आणि पुसला जायचा. दोघांनाही त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. गुंडप्पाला तर तो फोटो वाटतच नव्हता. बॅटरी बघण्यासारखं एक काम.

यंदा तुरी निघाल्या तेव्हाची गोष्ट. धरणाकडच्या वस्तीवरून निरोप आला. चन्नम्मा ओसरीवर सुपात तूर पाखडत होती. गुंडप्पानं हाक मारली, तिनं मान वर केली, फ्लॅश पेटला. ती उठली नाही, नेहमीचं बोललीही नाही. कोवळं ऊन तिच्या अंगावर होतं आणि पदर खांद्यावरून घसरला होता.

"दाखवा बघू," ती म्हणाली.

गुंडप्पा चकित झाला. त्यानं कॅमेरा तिच्यासमोर धरला. सूप मांडीवरून खाली ठेवून, हात लुगड्याला पुसून तिनं तो धरला आणि त्या आगपेटीएवढ्या काचेत किती तरी वेळ बघत राहिली.

"बरी दिसतीय की म्या," ती म्हणाली.

"मग? कवा वाईट दिसत हुतीस?"

"तुमाला काय कळतंय," असं म्हणून ती लाजली. साठीला टेकलेली बाई, पण लाजली. गुंडप्पानं ते बघितलं, आणि त्याला बरंही वाटलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वस्तीवरच्यांनी मोबाईलवरच फोटो काढला होता, येऊ नका म्हणाले. गुंडप्पा चडफडला. "आता मेल्यांनाबी मोबाईल पुरतोय," असं काहीतरी पुटपुटत त्यानं कॅमेरा बंद करायला घेतला, आणि बंद करता करता त्याच्या अंगठ्यानं नेहमीचं काम केलं. एकदा दाबलं, विचारलं, परत दाबलं. मन शिव्या देण्यात होतं. कॅमेरा पिशवीत आणि पिशवी खुंटीवर.

रात्री ताटावर बसल्यावर चन्नम्मानं भाकरी वाढता वाढता विचारलं, "सकाळचा त्यो फोटो सिरीदेवीला धाडता येतोय का वो फोनवर?"

गुंडप्पाचा घास हातातच राहिला. "पुसला की गं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "व्हय, पुसायचाच असतोय त्यो."

"दुसरा काढू की. उद्या काढतो, चांगला, लुगडं नेसून बस."

"काढा," ती म्हणाली. पण तिच्या आवाजात सकाळचं काही नव्हतं. उद्या कुणाचं तरी बारसं होतं, परवा बाजार होता, मग तुरीची रास होती. गुंडप्पानं कॅमेरा खुंटीवरून काढला नाही, आणि ती मागायची नाही.

मग एका पहाटे चुलीपुढं बसल्या बसल्या तिनं छातीला हात लावला आणि भिंतीला टेकली. शेजारच्या कल्याणप्पानं, गुंडप्पाच्या चुलतभावानं, जीप आणली. जीप दारात उभी राहीपर्यंत संपलं होतं.

सोलापुराहून श्रीदेवी आली. बायांनी चन्नम्माला आंघोळ घातली. सवाष्ण गेली म्हणून तोंडभर हळद माखली, कपाळभर मळवट भरला, वर भस्माचे पट्टे. हिरवं लुगडं, हार, हनुवटीला बांधलेलं पांढरं कापड. पाटावर बसवली. आता फोटो.

कल्याणप्पा गुंडप्पाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, आज तू बस वहिनीपाशी. काढंल कुणीतरी मोबाईलवर."

श्रीदेवीही म्हणाली, "अप्पा, माझ्या फोनवर काढू द्या ना. तुम्ही या इकडं."

गुंडप्पा उठला. एवढा वेळ तो खांबाला टेकून बसला होता, आता त्याचा आवाज चढला. "माझ्या घरातलं मयत आन् फोटू मोबाईलवर? गावाचं समदं म्या काढलं, आन् माझ्या बायकोचं कुणी बी काढंल व्हय?"

त्यानं खुंटीवरची पिशवी काढली. फ्लॅश तपासायला आज दारात कुणी नव्हतं, म्हणून तसाच समोर उभा राहिला. फ्लॅश पेटला. पुन्हा पेटला. त्या दिवशी एकदाही चुकला नाही. त्यानं एक काढला, दोन काढले, जवळून काढले, लांबून काढले, श्रीदेवीला बसवून काढले, भावकीला बसवून काढले. एरवी दोन-चारात उरकणारा गुंडप्पा थांबेचना. जणू बटण सोडलं की बाई उठून जाणार होती. शेवटी स्वामीच म्हणाले, "गुंडप्पा, पुरे." मग ओसरीवर बसून त्यानं कार्ड काढलं, रीडरमध्ये घातलं, श्रीदेवीच्या फोनला लावलं, आणि बायकोचा शेवटचा फोटो लेकीच्या फोनवर उतरवून दिला. लोक म्हणाले, गुंडप्पा घट्ट काळजाचा.

शिवगणाराधनेला, म्हणजे दिवस घालतात त्या दिवशी, फ्रेम पाहिजे. हार घालायला, समोर समई लावायला. आणि फ्रेममध्ये कुणी हनुवटी बांधलेला फोटो लावत नाही.

"अप्पा, आईचा चांगला फोटो कुठाय?" श्रीदेवीनं विचारलं.

तेव्हा कुठं शोधाशोध सुरू झाली. लग्नाचा फोटो त्र्याण्णवच्या भूकंपात पेटीसकट ढिगाऱ्याखाली गेला होता. श्रीदेवीच्या लग्नाच्या अल्बममध्ये चन्नम्मा सापडली, पण प्रत्येक पानावर पदर तोंडात, नाहीतर मान खाली, नाहीतर पुढं एखादा बलदंड पाहुणा. आधार कार्डावर होती ती ओळखू येत नव्हती. डोळे अर्धे मिटलेले, तोंडावर काळोख. ते बघून श्रीदेवी रडताना हसली आणि मग जास्त रडली. व्हिडिओ कॉल रोज व्हायचा, पण चन्नम्मा फोन कानाला लावून बोलायची, त्यामुळं सोलापूरला दिसायचा तो कान आणि घराचे पत्रे. शिवाय तीच म्हणायची, "माझं थोबाड काय बघतीस, पोरगं दाखव."

आणि गुंडप्पाला सुपातली तूर आठवली. कोवळं ऊन आठवलं. त्याच वेळी फारुख मागं एकदा काय म्हणाला होता तेही आठवलं. लोहाऱ्यातल्या कुणाचं तरी लग्नाचं कार्ड पुसलं गेलं होतं, ते फारुखनं परत आणलं होतं. पुसलं म्हणजे जात नाही काका, म्हणाला होता.

गुंडप्पा ताडकन उठला. "हाय," तो म्हणाला. "आईचा फोटू हाय. लई चांगला हाय. म्या आणतो."

श्रीदेवीनं विचारलं कुठाय, तर "आणतो की" एवढंच. बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडावर रंग आला. कॅमेऱ्याची पिशवी छातीशी धरून तो एसटीत बसला. शेजारच्यानं सहज विचारलं, "काय काका, कुठं कार्यक्रम?" तर म्हणाला, "व्हय, घरचाच हाय." आराधना आटोपली की पडदा धुऊन ती फ्रेम काश्मीरपुढं ठेवून बघावी, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं.

फारुखच्या दुकानात गर्दी होती. गुंडप्पाला बघून त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं, दोन्ही हातांनी त्याचे हात धरले. "काकींचं कळलं. अल्ला सबर देवो. बसा."

गुंडप्पानं कार्ड त्याच्या तळहातावर ठेवलं आणि तूर, ऊन, अंगठा, सगळं सांगितलं. फारुखच्या चेहऱ्यावर उजेड आला. "हुतंय, काका. पुसलं म्हंजे नुसती दारावरची पाटी काढली. माणूस आत ऱ्हातंय. नवीन बिऱ्हाड येईस्तोवर ऱ्हातंय."

त्यानं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पडद्यावर पट्टी सरकायला लागली, आणि एकेक फोटो वर यायला लागले. गुंडप्पा खुर्ची ओढून जवळ सरकला. वर येत होते ते सगळे पाटावर बसलेले. ह्यो शिवलिंग सुतार. ही वरच्या आळीची नागम्मा. ह्या पोरीचं लई वाईट झालं हुतं. दिलेले आणि मग पुसलेले, वर्षांमागची मयतं एकामागून एक येऊन बसत होती, काहींचं अर्धं तोंड, बाकी सगळं करडं. दुकानात उभं असलेलं एक गिऱ्हाईक बघून मागं सरकलं.

पट्टी संपली. तूर पाखडणारी चन्नम्मा आली नाही. दारातली चन्नम्मा, पिठाच्या हाताची, मोकळ्या केसांची, तीही एकदाही आली नाही.

"परत लाव," गुंडप्पा म्हणाला.

फारुखनं दुसरं काहीतरी लावलं. परत तीच माणसं आली. फारुख भिंग कपाळावर चढवून विचारात पडला.

"काका, तुमी काकींचा काढून पुसायचा, आन् लगीच जाऊन मयताचा काढायचा. व्हय ना?"

"व्हय."

"म्हंजे ज्या जागंवरून काकी उठल्या, त्याच जागंवर त्यो बसला. दर येळी."

गुंडप्पाला ते कळलं. कळून त्यानं मान हलवली. "पर हा न्हाय," तो म्हणाला. "ह्या टायमाला गेलोच न्हाय म्या. त्या दिशी पुढं काहीच न्हाय काढलं. तसाच ठेवला कॅमेरा."

"मग हाय म्हणा की," फारुख उत्साहानं म्हणाला. "त्याच्यानंतर ह्या कार्डात पयला फोटू कुठला काढला?"

गुंडप्पानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

फारुखनं पडद्यावर बघितलं. पुसलेले नव्हे, कार्डावर असलेले फोटो त्यानं उघडले. हिरवं लुगडं, हळदीनं माखलेलं तोंड, मिटलेले डोळे. एक, दोन, जवळून, लांबून, किती तरी. त्याला काही विचारायचं उरलं नाही.

"थोडं बी न्हाय का?" गुंडप्पानं विचारलं. "खालचं टोक, वरचं टोक? नुस्तं डोळं?"

"एक-दोनच काढले असते तर बघितलं असतं. पण एवढे..." फारुख म्हणाला. "झूट न्हाय बोलत, काका. पुण्याला नेलं तरी हेच सांगतील. त्या दिशी मोबाईलवर काढला असता तर..." आणि त्यानं जीभ चावली.

पण बाण सुटला होता. गुंडप्पानं तो निमूट घेतला. बैल गेला अन् झोपा केला असं लोक म्हणतात. इथं तर धन्यानंच हातानं दावं सोडलं होतं. भावानं सांगितलं होतं, लेकीनं सांगितलं होतं. तिच्या जित्या चेहऱ्यावर तिचाच मेलेला चेहरा त्यानं बसवला होता, आणि वर एकदा नाही, स्वामी पुरे म्हणेपर्यंत. त्याला रडू आलं नाही. फक्त फारुखनं दिलेला चहा त्यानं बशीत ओतला आणि तसाच ठेवून उठला.

परतीच्या एसटीत त्याला एकच विचार होता, श्रीदेवीला काय सांगायचं. तो विचार वाया गेला. तो दारात पाऊल टाकतो तोच श्रीदेवी फोन घेऊन पुढं आली.

"अप्पा, तुमचा फोटो राहू द्या आता. बघा, मी केला."

तिनं शेवटच्या फोटोतला आईचा चेहरा एका ॲपमध्ये घातला होता. ॲपनं हनुवटीचं कापड काढलं होतं, हळद उतरवली होती, मागं निळं आभाळ घातलं होतं आणि डोळे उघडले होते. मोठे, पाणीदार डोळे. चेहरा तुकतुकीत, ओठ एकाच रंगाचे. पदर तोंडात नव्हता. बाई थेट समोर बघत मंद हसत होती.

गुंडप्पानं फोन हातात घेतला. स्टुडिओच्या दिवसांत त्यानंही मयताचे डोळे उघडून दिले होते, ब्रशनं, गिऱ्हाईक रडत हट्ट धरायचं म्हणून. त्याला ठाऊक होतं ते डोळे कुणाचेच नसतात. पण तेव्हा गिऱ्हाईक खूश होऊन जायचं, आणि तो दुसऱ्या कामाला लागायचा.

"कोड?" त्यानं विचारलं.

"फोटोत नव्हतंच ते, हळद होती ना. आणि अप्पा, आईला कुठं आवडायचं ते?" श्रीदेवीनं त्याच्या हातातल्या फोनवर वाकून बघितलं. "चांगली दिसते ना?"

आता काय बोलणार? आईविना झालेली लेक समोर उभी, आणि जो फोटो आणतो म्हणून छाती काढून गेला होता तो रिकाम्या हातानं आलेला. "चांगली दिसतीय," गुंडप्पा म्हणाला.

भावकीच्या ग्रुपवर फोटो पडला आणि धडाधडा हात जोडलेले आले. वहिनी अगदी अशाच होत्या. जणू आत्ता बोलतील. आळंदहून चन्नम्माच्या सख्ख्या भावानं फोन करून सांगितलं, बहीण डोळ्यांपुढं उभी राहिली. आराधनेला मोठी फ्रेम आली, हार चढला. तुझा तो लई चांगला फोटो कुठला रे, असं कुणीच विचारलं नाही, कारण याहून चांगला असणार कसा?

श्रीदेवी सोलापूरला गेली. घरात गुंडप्पा आणि फ्रेम. पुढं कुणाच्या घरून निरोप आला तर कॅमेरा बिघडलाय म्हणून तो सांगायचा. एकदोनदा सांगितल्यावर निरोप यायचे थांबले. मोबाईलला कुठं निरोप लागतो? भाकरी कल्याणप्पाच्या घरून यायची. खाऊन तो भिंतीकडं पाठ करून बसायचा आणि चन्नम्माला आठवायचा. फोटो गेला तर गेला, आपण तर रोज बघत होतो, असं तो स्वतःला समजवायचा. चाळीस वर्षांचा संसार कार्डात थोडाच असतो?

पण आठवायला बसलं की पाणीदार डोळ्यांची बाई यायची. तो तिला बाजूला सारायचा. चुलीपुढं बसवून बघायचा, न्हाणीच्या दारात उभी करून बघायचा. लुगडं चन्नम्माचं असायचं, चाल तिची असायची, मान वळली की तोंड फ्रेममधलं. मग तो डाग शोधायचा. डाग सापडला की बाकीचं तोंड आपसूक येईल असं त्याला वाटायचं. ओठाच्या कोपऱ्याला होता, हे नक्की. पण कुठल्या? तो आपल्याच तोंडावर बोट ठेवून बघायचा, इकडं, तिकडं. दोन्हीकडं बरोबर वाटायचं आणि दोन्हीकडं चूक.

कल्याणप्पाला विचारलं, तर तो म्हणाला, "वहिनीला कोड हुतं? व्हय की, हुतं की. कुठं बरं..." आणि त्याची नजर फ्रेमकडं वळली.

शेवटी त्यानं श्रीदेवीला फोन लावला. जेवण झालं का, पोरगं शाळेत जातंय का, सगळं विचारून झालं. मग म्हणाला, "सिरीदेवी, एक सांग. आईच्या ओठाला डाग हुता बघ. डावीकडं हुता का उजवीकडं?"

पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

"अप्पा," श्रीदेवी म्हणाली, "मी पण कालपासून तेच आठवतेय."